आउटरला थांबलेली गाडी

आमच्या घरात मी नक्की काय काम करतो हे कुणालाच नीट माहीत नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे" इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. त्याच्या पुढे गेलं की आत्या म्हणते प्रिंटर दुरुस्त करतो, आणि शिरूरच्या घराशेजारचे म्हणतात मोबाईल. एका लग्नात तर एका गृहस्थांनी मला पंगतीतून उठवून त्यांचा बंद पडलेला डिश टीव्ही दाखवायला नेलं होतं. (लागला. मागची वायर निसटली होती.)

खरं सांगायचं तर मी डब्यांच्या आत बसणारे प्रोग्रॅम लिहितो. वजनकाटा, मीटर, पंपाचं पॅनल, असल्या वस्तूंच्या पोटात एक छोटी चिप असते, तिच्यात एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते. तिला ना पडदा असतो ना माऊस. ती नीट चालली तर ती आहे हेसुद्धा कुणाला कळत नाही.

तर मंडळी, आज या कामातल्या एका अगदी बारीक गोष्टीबद्दल लिहायचं आहे. एक आकडा. नेटवर्कसाठी किती मेमरी राखून ठेवायची, त्याचा आकडा. माझं या आकड्याबद्दल एक ठाम मत आहे आणि ते मत मला फुकट मिळालेलं नाही. या आकड्यापायी दौंड तालुक्यातल्या काही घरांचा दुधाचा पगार चुकला होता, आणि त्यात माझ्या सख्ख्या मामाचं घर होतं. चूक माझी होती हे मी मामाला आजवर सांगितलेलं नाही. मामेभाऊ इथं वाचतो, म्हणजे आज रात्रीपर्यंत बातमी पोचेलच.

पण आधी दौंड स्टेशन.

शिरूरला रेल्वे नाही. लहानपणी मामाच्या गावाला जायचं म्हणजे न्हावरं, चौफुला असं करत एसटीनं. पुण्याला शिकायला गेल्यावर मात्र मी रेल्वेनं जायला लागलो. उरुळी, यवत, केडगाव, पाटस... पाटस गेलं की लोक सामान उतरवून दाराशी येऊन उभे राहणार आणि नेमकी तेव्हाच गाडी आउटरला थांबणार. समोर दौंड दिसतंय, दोन्ही बाजूला ऊस, आणि गाडी हलत नाही. दौंड जंक्शन. सोलापूरची लाईन इथंच, मनमाडची इथंच, आणि पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तेव्हा इथंच एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. काही उत्साही मंडळी खाली उड्या मारून रुळांच्या कडेनं चालायला लागायची.

एकदा मामा बरोबर होता. मी चिडून म्हटलं, आत घ्यायला काय होतं यांना? मामा शांतपणे म्हणाला, "फलाट मोकळा नाय. आत घेतली तर हुबी कुठं करायची?"

हे वाक्य नेटवर्क प्रोग्रॅमिंगच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायला हवं असं मला आता वाटतं. तेव्हा अर्थातच तसं काही वाटलं नव्हतं.

नेटवर्कच्या तारेतून माहिती येते ती पाकिटापाकिटानं. पाकीट आलं त्या क्षणी प्रोसेसर मोकळा असेलच असं नाही. तोवर ते पाकीट मेमरीत कुठंतरी ठेवावं लागतं. त्या जागेला बफर म्हणतात. स्टेशनातला फलाटच म्हणा ना. घरच्या कॉम्प्युटरला मेमरी गिगाबाइटमध्ये असते, त्यामुळे फलाट कमी पडायची चिंता तुम्हाआम्हाला नसते. मी २०११ साली ज्या चिपवर काम करत होतो तिच्यात सगळी मिळून ६४ किलोबाइट मेमरी होती. मोबाईलवर काढलेला एक साधा फोटो तिच्यात मावला नसता.

एवढ्याशा जागेत "लागेल तशी मेमरी माग आणि झालं की परत कर" हा कारभार चालत नाही. वेगवेगळ्या मापाचे तुकडे देत-घेत राहिलं की काही दिवसांनी मधेमधे निरुपयोगी भोकं उरतात. एकूण जागा शिल्लक दिसते, पण सलग हवी तेवढी मिळत नाही. म्हणून या छोट्या सिस्टिममध्ये आधीच ठरवतात की नेटवर्कसाठी अमुक मापाचे अमुक बफर. डेअरीच्या कॅनसारखे सगळे एका मापाचे. कॅन ४० लिटरचा असतो. तुमचं दूध दोन लिटर असलं तरी आख्खा कॅन तुमच्या नावानं अडकतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोरामोठ्यांनी यावर फार पूर्वी विचार केलेला आहे. १९८३ च्या बीएसडी युनिक्समध्ये एमबफ नावाचे १२८ बाइटचे छोटे तुकडे होते, आणि मोठी माहिती आली तर त्यासाठी वेगळे मोठे तुकडे. व्हीएक्सवर्क्स नावाची एम्बेडेड सिस्टिम आहे, मंगळावर गेलेल्या गाड्यांमध्ये ती होती. तिच्या जुन्या नेटवर्क स्टॅकमध्ये ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८ अशा मापांचे बफर असत आणि प्रत्येक मापाचे किती हवेत ते ठरवणं तुमच्या हातात. शिवाय सिस्टिमच्या स्वतःच्या हिशेबाला लागणारी मेमरी वेगळी आणि येणाऱ्याजाणाऱ्या माहितीची वेगळी, असे दोन निराळे साठे. हे दोन साठे वेगळे का, हा प्रश्न मी कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा मला पडलासुद्धा नव्हता.

आम्ही वापरत होतो ते एलडब्ल्यूआयपी. ॲडम डंकल्स यांनी स्वीडनमध्ये लिहिलेला छोट्या यंत्रांसाठीचा फुकट स्टॅक, आजही जगभर असंख्य डब्यांत आहे. त्याच्याबरोबर एक फाईल येते, त्यात सगळे आकडे आधीच भरलेले असतात. येणाऱ्या पाकिटांसाठी बफर १६. एका पाकिटात जास्तीत जास्त ५३६ बाइटचा मजकूर. त्या हिशेबानं एकेक बफर ५९२ बाइटचा. मी ते आकडे पाहिले, मला ते छान वाटले आणि मी तसेच ठेवले.

आता डब्याविषयी. दुधाच्या एका शीतकरण केंद्रावर चार काटे होते. शेतकरी येणार, दूध मोजलं जाणार, फॅट लागणार, छोटी पावती छापून हातात. प्रत्येक काटा ती नोंद माझ्या पेटीकडे पाठवायचा: शेतकऱ्याचा नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ, वेळ. सगळं मिळून ४० बाइट. माझी पेटी ती नोंद ब्रॉडबँडवरून डेअरीच्या मुख्य कॉम्प्युटरला पाठवायची. दहा दिवसांनी तिथल्या आकड्यांवरून दुधाचा पगार. (हो, आमच्याकडे त्याला पगारच म्हणतात. नोकरदार महिन्यातून एकदा पगार घेतो, दूधवाला तीनदा, असं मामा अभिमानानं सांगतो.)

हे केंद्र मामाच्या गावाजवळचं निघालं हा निव्वळ योगायोग. मामानं चौकात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "हे आमच्या भाच्याचं मशीन."

महिनाभर ठीक चाललं. मग एका दशकाच्या पगारात मामाच्या तीन संध्याकाळी कोऱ्या निघाल्या.

मामाचा स्वभाव कागद सांभाळायचा. दुधाच्या पावत्या तो कोठीच्या दारामागच्या तारेला टोचून ठेवतो. तिन्ही पावत्या निघाल्या. केंद्रावर दाखवल्या, नोंदी हातानं घातल्या गेल्या, विषय मिटला. पण मामाच्या बरोबरीनं दूध घालायला येणाऱ्या शेजारच्या काकू होत्या. त्यांच्या पावत्या पदराच्या गाठीत, आणि लुगडं धुतलं की पावतीचा लगदा. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांना आधीच्या दिवसांची सरासरी लावायची असं ठरलं. ऐकायला रास्त वाटतं. पण काकूंची गाय नुकतीच व्यालेली. चीक संपून दूध केंद्रावर घालायला लागून आठवडाही झाला नव्हता आणि दूध रोज वाढत होतं. मागच्या दिवसांच्या सरासरीत आजचं वाढलेलं दूध कुठून येणार? काकूंनी एकदा सांगून पाहिलं, मग गप्प बसल्या. यंत्राशी कोण भांडणार?

मामानं मला फोन केला. रागावला नव्हता. एवढंच विचारलं, "काय रं, तुझं मशीन इसरतंय व्हय?"

शनिवारी लॅपटॉप आणि केबल घेऊन केंद्रावर जाऊन बसलो. आकडेवारी छापणारा भाग मेमरी वाचवण्यासाठी मीच बंद केला होता, तो चालू करून प्रोग्रॅम परत घातला आणि वाट पाहिली. संध्याकाळी ठरल्या वेळी भारनियमन सुरू झालं. केंद्राला इन्व्हर्टर होता, काटे आणि पेटी चालू राहिले, पण बाहेरची ब्रॉडबँडची लाईन गेली. अर्ध्या तासानं ती परत आली. पेटी मात्र आली नाही. दिवा लागलेला, लिंकचा दिवा लुकलुकतोय, आणि पिंग केलं तर उत्तर नाही. मेलेली नाही, जिवंतही नाही. केबल लावून आकडे पाहिले. बफर एकूण १६, वापरात १६. जागा नाही म्हणून परत धाडलेली पाकिटं, काही हजार.

मग माझं मलाच दिसलं. काट्याकडून नोंद आली की मी ती बफरमध्येच ठेवत होतो आणि मुख्य कॉम्प्युटरकडून "मिळाली" असं उत्तर आलं की मगच तो बफर सोडत होतो. उगाच एका जागेतून दुसऱ्या जागेत नक्कल कशाला करा, वेळ वाचतो, असा माझा शहाणपणा. त्याचं मला कौतुकही होतं. लाईन गेली की नोंदी साचायच्या. सोळा साचल्या की सोळाही बफर भरले. आता लाईन परत आली, मुख्य कॉम्प्युटर उत्तर द्यायला तयार आहे, पण ते उत्तरही एक पाकीटच असतं! ते उतरवून घ्यायला बफर हवा. बफर मोकळा व्हायचा तर उत्तर हवं. सगळे फलाट मालगाड्यांनी भरलेले, आणि त्या हलवायला येणारं इंजिन आउटरला उभं. हे गाडं जन्मात सुटणार नव्हतं.

मग केंद्रावरचा मुलगा तेच करायचा जे तुम्हीआम्ही करतो. पेटी बंद करून चालू. पेटी चालू व्हायची आणि मेमरीतल्या सोळा नोंदी जायच्या. काट्यांनी त्या आपल्याकडून पुसून टाकलेल्या, कारण पाकीट पोचलं की टीसीपी आपोआप पोचपावती देतं, आणि आम्ही तीच पोचपावती "नोंद जपून ठेवली" अशी समजलो होतो. पत्र पोस्टमननं पेटीत टाकलं म्हणजे घरच्यांनी वाचलं असं होत नाही. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ साली एका निबंधात हेच सविस्तर मांडलंय: खात्री करायची ती दोन टोकांनीच करायची, मधल्या पोचपावतीवर विसंबायचं नाही. निबंध मी अभ्यासाला वाचला होता. परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं.

भारनियमनाची वेळ रोज तीच, मामाची आणि काकूंची दूध घालायची वेळ रोज तीच. म्हणून पुन्हापुन्हा तेच दोघे सापडायचे.

सोमवारी ऑफिसात सांगितलं. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, बफर वाढव. मीही मान डोलावली. १६ चे ४० केले. चाळीस गुणिले ५९२ म्हणजे २३,६८० बाइट, आमच्या एकूण मेमरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. इतर ठिकाणी काटकसर करून बसवले. तक्रारी कमी झाल्या. आम्ही चहा मागवला.

पुढचा हिशेब मी तेव्हा करायला हवा होता, तो पंधरा दिवसांनी केला. चार काटे, प्रत्येकी मिनिटाला साधारण तीन शेतकरी. म्हणजे मिनिटाला १२ नोंदी. सोळा बफर भरायला ८० सेकंद. चाळीस भरायला २०० सेकंद. लाईन जायची अर्धा अर्धा तास. म्हणजे एवढी मेमरी ओतून आम्ही काय मिळवलं, तर दोन मिनिटं. बारीकसारीक खंड आता पचायचे, म्हणून तक्रारी कमी झाल्या. पण खरी लाईन गेली की पेटी आधीसारखीच अडकायची, आणि आता बंद-चालू केली की १६ ऐवजी ४० नोंदी जायच्या. आमच्या सुधारणेनं एका अडकण्याचं नुकसान अडीचपट केलं होतं.

आणि कॅनचा मुद्दा आठवतोय ना? अर्ध्या तासाच्या ३६० नोंदी. एकेक ५९२ च्या बफरमध्ये ठेवायच्या तर २,१३,१२० बाइट, आमच्या चिपच्या तिपटीहून जास्त. त्याच नोंदी बाहेर काढून ४० बाइटच्या मापानं रचल्या तर १४,४०० बाइट. आरामात मावतात. मी दोन-दोन लिटर दुधासाठी चाळीस लिटरचे कॅन अडवून बसलो होतो आणि वर कॅन कमी पडतात म्हणून रडत होतो.

गंमत म्हणजे स्टॅकही इथं तुम्हाला सावध करत नाही. टीसीपी समोरच्याला सांगतं की मी अजून इतके बाइट घेऊ शकतो. आमच्या आकड्यांत ते २,१४४ होते, प्रत्येक काट्याला. बाइटमध्ये मोजलं तर चार पाकिटं. पण ४० बाइटच्या नोंदी सुट्या सुट्या आल्या तर त्यात ५३ बसतात, आणि प्रत्येकीला एक आख्खा बफर. आश्वासन बाइटमध्ये द्यायचं आणि जागा बफरमध्ये मोजायची, म्हणजे लग्नाचं आमंत्रण माणशी आणि पंगतीचा हिशेब कुटुंबामागे एक पान!

शेवटी जे केलं ते असं. नोंद आली की लगेच तिची नक्कल काढायची, फ्लॅशमध्ये लिहायची आणि बफर तत्क्षणी सोडायचा. फ्लॅशमध्ये गेली की मगच काट्याला आपलं स्वतःचं "मिळाली" पाठवायचं, तोवर काट्यानं ती पुसायची नाही. फ्लॅशही भरत आली तर काट्याला "थांब" सांगायचं, काट्यावर लाल दिवा लागेल, माणसाला कळेल. आणि काही बफर फक्त मुख्य कॉम्प्युटरच्या उत्तरांसाठी राखीव, काटे कितीही बोंबलले तरी ते द्यायचे नाहीत. हे झाल्यावर बफर चाळीसवरून खाली आणले. बारा. काही दिवसांची आकडेवारी पाहिली, एका वेळी जास्तीत जास्त सात वापरात. म्हणजे आधीच्या सोळापेक्षाही कमी बफरमध्ये काम निभावत होतं.

आता मत. (इतका वेळ पाल्हाळ लावलं ते यासाठी.)

बफर झटका सोसण्यासाठी असतो, तूट भरून काढण्यासाठी नाही. येणारं जाणाऱ्यापेक्षा थोडा वेळ जास्त असेल तर बफर कामाचा. कायम जास्त असेल तर कुठलाही बफर पुरणार नाही, तो फक्त बिघाडाची तारीख पुढे ढकलेल, आणि आमच्या बाबतीत झालं तसं रक्कमही वाढवेल. हे शिरूर-दौंडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. गाळपाच्या दिवसांत त्या रस्त्यानं गेलात तर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून जावं लागतं. कारखान्याच्या यार्डात थोडा ऊस शिलकीत हवाच, नाहीतर गव्हाण रिकामी पडेल. पण यार्ड वाढवून गाळप वाढत नाही. तोडलेला ऊस जितका थांबेल तितका वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो. म्हणून शहाणा कारखाना यार्ड मोठं करत बसत नाही, तोडीच्या चिठ्ठ्या बघून देतो. ऊस रांगेत वाळण्यापेक्षा शेतात उभा असलेला बरा.

इंटरनेटवाल्यांना हे दोनदा शिकावं लागलं. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये बर्कलीला दोन संस्थांमधली, एकमेकींपासून जेमतेम ४०० यार्डांवरची, लाईन ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटवर आली. पाकीट हरवलं की सगळे पुन्हा पाठवायचे, गर्दी वाढायची, आणखी हरवायची. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय लिहिला, त्याचं सार एवढंच की पुढे जागा नाही असं दिसलं की मागच्यानं हळू व्हावं. मग मेमरी स्वस्त झाली आणि लोकांनी घरोघरच्या मोडेम-राऊटरमध्ये मोठमोठे बफर घातले. पाकीट हरवायला नको म्हणून! परिणाम असा की गर्दी आहे हे पाठवणाऱ्याला कळेचना. घरात कुणी फोटो चढवायला लागलं की अमेरिकेतल्या ताईचा कॉल अडखळतो, त्याचं एक कारण हे. जिम गेटीस यांना हा प्रकार २०१० मध्ये स्वतःच्या घरात दिसला आणि त्यांनी त्याला बफरब्लोट असं नाव दिलं. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनी जो उपाय काढला तो रांग किती लांब हे बघत नाही, पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे हे बघतो. ट्रॉल्या मोजू नका, ऊस तोडून किती तास झाले ते विचारा. अगदी तेच.

माझा एक मित्र म्हणतो, तुझी ही चिंता जुनी झाली. आता दोन-तीनशे रुपयांत ईएसपी३२ सारखी चिप मिळते, तिच्यात ५२० किलोबाइट. मान्य. हिशेब करू. माझ्या जुन्या पद्धतीनं अर्धा तास निघेल. एक तासाला ४,२६,२४० बाइट लागतील, म्हणजे बाकी प्रोग्रॅमला जागा उरणार नाही. आणि लाईन दीड तास गेली तर? नीट रचलं तर तासाभराच्या ७२० नोंदी २८,८०० बाइटमध्ये बसतात. चिप मोठी झाली म्हणून विचार करायचा राहत नाही, फक्त विचार न केल्याचं उशिरा कळतं. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेली स्पिरिट गाडी थोड्याच दिवसांत पुन्हापुन्हा आपोआप चालू-बंद व्हायला लागली होती. फ्लॅशमध्ये फायली फार साठल्या आणि त्यांची यादी ठेवायला मेमरी पुरेना. तिकडे तर हिशेबाला हुशार माणसांची वाण नव्हती.

दुसरा एक आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो असा की आकडे आधी ठरवणं म्हणजे भविष्य सांगणं, चुकणारच. खरं आहे. पण चुकलेला आकडा दिसतो, तो बदलता येतो. न ठरवलेला आकडा दिसत नाही. तो कुणीतरी दुसऱ्यानं, दुसऱ्या देशात, दुसऱ्याच कामासाठी बसवलेला असतो आणि आपण तो आपला म्हणून वापरतो. ज्यानं १६ लिहिले त्याची चूक नव्हती. त्याला भारनियमनाची वेळ माहीत असायचं कारणच नाही. मला होतं.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. जागा संपणारच आहे. आज नाही तर उद्या. तेव्हा कुणी थांबायचं आणि कुणाचं टाकून द्यायचं, हे ठरवणं म्हणजेच तो आकडा भरणं. आपण ठरवलं नाही तर ते आपोआप ठरतं, आणि आपोआप ठरलं की बहुतेक वेळा ज्याच्याकडे पावती नाही त्याच्यावर येतं. आउटरला गाडी थांबली की लोक चिडतात, स्टेशन मास्तरला शिव्या देतात, पण गाडी हरवत नाही. वेळेत "थांब" म्हणणं हा उद्धटपणा नाही. आत घेऊन मग विसरणं हा आहे.

म्हणून नव्यानं लागलेल्या मुलांना मी तीनच गोष्टी सांगतो. आकडा भरण्याआधी कागदावर गुणाकार करा. आकडेवारी मोजणारा भाग काही झालं तरी बंद करू नका, शेदोनशे बाइटचा लोभ धरू नका. आणि आकड्याच्या वर तो का निवडला ते चार ओळीत लिहून ठेवा. माझ्या त्या बाराच्या वर मी लिहिलं होतं: चार काटे, मिनिटाला बारा नोंदी, लाईन अर्धा तास जाते, संध्याकाळी. मुलं हसतात. कोडमध्ये संध्याकाळ कशाला, म्हणतात.

असो. फारच लांबलं. काकूंना त्या तीन संध्याकाळचे नक्की किती कमी मिळाले ते आता काढता यायचं नाही, त्या नोंदी कुठंच नाहीत. मामाला मी तेव्हा "लाईनचा प्रॉब्लेम होता" एवढंच सांगितलं होतं. त्यानं चौकातही तेच सांगितलं, भाच्याच्या मशीनची बाजू घेऊन. दिवाळीला जाणार आहे, तेव्हा मामाला सांगेन आणि मग शेजारी जाऊन काकूंनाही. मामेभावा, तू आधीच वाचून दाखवलंस तर दाखव, पण पूर्ण वाच. फक्त दौंडच्या आउटरपर्यंत वाचून थांबू नकोस. :)